शिसं नको

तांब्याची ही गोळी बोटांत जरा लांबच लागत होती — शिशाच्या गोळीपेक्षा नखभर लांब, टोकाला बारीक भोक, अंगावर तीन वळ्या कोरलेल्या, आणि रंग नुसता नव्या भांड्याचा — नेव्हिलने ती काट्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. वजन बरोबर होतं. मघाशीही बरोबरच होतं, त्याच्याआधीही. काट्याला कशाला बोल लावायचा, कुठेतरी काहीतरी कमी भरावं असं आपल्यालाच वाटत होतं, म्हणजे ही तांब्याच्या गोळ्यांची डबी उचलून फळीच्या मागच्या कोपऱ्यात टाकून देता आली असती. शेडच्या पत्र्यावर ऊन चढायला लागलं होतं. उद्या पहाटे डोंगरात जायचं होतं आणि आज काडतुसं भरून व्हायला हवी होती.

डबीशेजारी दुसरी डबी होती, कोपरे झिजलेली. टेसाच्या जन्माच्या आधीपासून तो हीच गोळी भरत आला होता — पोटात शिसं, वरून तांब्याचा पातळ अंगरखा, टोक उघडं आणि मऊ. हरिणीच्या बरगड्यांत शिरली की फुलते, फुटते, आत सगळा चेंदामेंदा करते, आणि हरीण चार पावलांत खाली बसतं. चांगलं मरण, कोणालाही यावं असं. तांब्याची फुटत नाही. तिच्या चार पाकळ्या मागे वळतात आणि ती अख्खीच्या अख्खी पलीकडे निघून जाते, अंगाचा कण मागे ठेवत नाही. एवढाच तिचा गुण, आणि तेवढ्यासाठीच ती आणली होती.

“शिसं नको, बाबा,” टेसा फोनवर म्हणाली होती. “या वेळचं मटण शिशाचं नको. जमेल तुला?”

जमेल का म्हणून विचारते… लाकडाच्या गिरणीत जन्म काढला मी, केसाएवढा फरक बोटाने ओळखून करवतींना धार लावली, आणि मला विचारते जमेल का. जमेल, त्यात काय, तो म्हणाला होता, आणि मग तिने ते चित्र पाठवलं. हरणाच्या धडाचा एक्स-रे. जखम एका जागी, पण तिथून वीत-दीड वीत लांबपर्यंत पांढरे ठिपके, मीठ सांडल्यासारखे — डोळ्याला न दिसणारं, दाताखाली न लागणारं शिसं. त्याने चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. ग्लेनिसला, बायकोला, त्याने ते दाखवलं नाही.

कारण ते ठिपके जिथे होते तो खांदा होता. आणि खांद्याचं काय करायचं हे या घरात ठरलेलं होतं — पाठीची पट्टी पाहुण्यांना, मांड्या भाजायला, आणि खांद्याचं रक्ताळलेलं मटण ग्लेनिस मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी लाल पाणी ओतून द्यायची आणि खिमा करायची. वाया काही घालवायचं नाही. आणि खिमा कोणाला, तर टेसाला, कारण बाकीचं मटण चिवट आणि हिचे पुढचे दात पडलेले. टोस्टवर खिमा, वर मटार, आणि टेबलाला हनुवटी टेकवून ती म्हणायची, अजून… अजून, बाबा… आणि तो वाढायचा. जिथे गोळी लागते नेमकं तिथलं मटण, वर्षानुवर्षं, आपल्या हाताने, लहान चमच्याने. त्याने डबीचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

बरं, ते जुनं झालं. मोठी झाली, धडधाकट झाली, शाळेच्या संघातून नेटबॉल खेळली, लग्न झालं. पण लग्नानंतर तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा मूल राहिलं नाही. पहिल्या वेळी ती इतकी पांढरी पडली होती की ग्लेनिस म्हणाली, हरणाच्या मटणात लोह असतं, पोरीला रक्त चढेल — आणि त्यांनी पोरीचा फ्रीजर भरला. तो खास तेवढ्यासाठी दोनदा डोंगरात गेला. पाऊस, चिखल, गुडघा सुजलेला, आणि पाठीवर हरीण, आणि मनात एकच, की हे आपण करू शकतो. रडणाऱ्या पोरीशी काय बोलावं ते त्याला कळत नव्हतं. मटण आणणं कळत होतं. ती खायची. आठवड्यातून दोनदा, ग्लेनिस फोनवर विचारून घ्यायची. आणि मग दुसऱ्यांदा दिवस गेले, आणि तेही…

मन चिंती ते वैरी न चिंती. कोणी काही म्हणालं नव्हतं. टेसाने एका शब्दानेही सुचवलं नव्हतं. तिसऱ्यांदा दिवस गेलेत, पाचवा महिना आहे, सुईणीने सांगितलं असेल की शिशाच्या गोळीचं मटण टाळा, सगळ्यांनाच सांगतात. सगळ्यांना सांगतात. पण तिला काय वाटतं? एकटी असताना, भांडी घासताना, तिच्या मनात कधी येत असेल का — की बाबाने? हे एकदा विचारायचं होतं, आणि विचारवत नव्हतं, म्हणून आठवडाभर तो गोळ्यांची वजनं करत होता.

ग्लेनिस चहा घेऊन आली. कप ठेवायला तिने बाकावरची काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी बाजूला केली, ती त्याने लगेच पुन्हा जागच्या जागी ठेवली.

“झालं का नाही अजून तुझं? एवढ्यात लोकांचं गिरजाघर बांधून होतं.”

“नवी गोळी म्हणजे दारूचं माप पुन्हा खालपासून चढवत आणावं लागतं. आंधळेपणाने नाही भरता येत.”

“मग जुनीच भर आणि मानेत मार. खांद्याला हात नको लावूस म्हणजे झालं.” ती दाराच्या चौकटीला टेकली. “लहानपणी गळाला शिसं लावताना दातांनी चावून बसवायचास ना तू? तुला काय झालं?”

“तेच विचारतोय मी स्वतःला.”

“झालंय खरं,” ती म्हणाली. “आठवडाभर तोंड बघ स्वतःचं.” आणि निघून गेली. ती कधीच फार वेळ थांबत नसे, आणि आज थांबली असती तर त्याने तिला बहुतेक सगळं सांगून टाकलं असतं.

त्याने काडतुसं भरली. प्रेसचा दांडा खाली, गोळी पुंगळीच्या तोंडात, दांडा वर. गोळी किती खोल बसवायची हे हात विचारत नव्हता, हाताला ठाऊक होतं: शिशाची गोळी नळीतल्या खाचांना टेकत आली पाहिजे, केसाचं अंतर ठेवून, मग ती इकडेतिकडे न डगमगता सुटते. त्याच्या रायफलला तसंच आवडतं. वजनही त्याने नेहमीचंच घेतलं होतं, जड. जड गोळी डगमगत नाही, असं त्याच्या बापाचं म्हणणं होतं. आणि हे सगळं तांब्यालाही लागू आहे का, असा प्रश्न त्याच्या मनात आला नाही — किंवा आला असेल, आणि त्याने तो येऊ दिला नसेल.

मित्राच्या, हेमीच्या, कुरणामागे खडीची जुनी खाण होती. तिथे शंभर मीटरवर फळीला कागद लावायचा, गाडीच्या टपावर वाळूची पिशवी, आणि बार काढायचे. वायाऊ नदीकडून वारा येत होता, पण खाणीत शांत होतं. नेव्हिलने पहिला बार काढला, नळी गार होऊ दिली, दुसरा काढला, तिसरा काढला, आणि चालत गेला. तीन भोकं. एक वर, एक डावीकडे खाली, तिसरं कागदाच्या कडेला. जेवणाची थाळी ठेवली असती तर जेमतेम झाकली असती.

त्याला बरं वाटलं. हे त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं, पण बरं वाटलं, खांदे सैल झाले, आठवडाभरात पहिल्यांदा. रायफलच नको म्हणते. सुंठीवाचून खोकला गेला. असल्या गोळीने हरीण मारायचं म्हणजे त्याचं पोट फोडायचं, ते झुडपात शिरून दिवसभर कण्हत मरायचं; हे कोणाला चालेल, टेसालाही चालणार नाही. मग शिशाचीच. मानेत मारायची, खांदे दोन्ही डोंगरातच सोडून यायचं, मांड्यांचं मटण हातभर लांबून कापायचं… आणि तिला सांगायचं, तांब्याची. सांगायचं का? न सांगून कसं चालेल, ती विचारणार. आणि सांगितलं तर तिला कसं कळणार? पुड्यातलं मटण बोलत नाही. मी हात धुऊन, चाकू धुऊन, दुप्पट काळजी घेऊन कापीन, म्हणजे तसं पाहिलं तर ते खोटंही नाही… त्याने कागद फाडून घेतला आणि घडी घातली. घडी घालताना त्याला समजलं की आपण हे खोटं नीट शब्द जुळवून तयार ठेवलंय.

हेमी कुत्रं घेऊन कुंपण ओलांडून आला. दोघे गिरणीत बरोबर होते, डोंगरातही. नेव्हिलच्या हातातला कागद त्याने न विचारता घेतला आणि उलगडला.

“काय रे, छऱ्याची बंदूक आणलीस का?”

“रायफलला तांबं सोसत नाही.”

“नाचता येईना अंगण वाकडं. बंदुकीला कशाला बोलतोस?” हेमीने त्याच्या डबीतलं एक काडतूस उचललं, उन्हात धरलं, आणि हसला. “अरे म्हाताऱ्या, ही तू शिशासारखी बसवलीस. नळीला नाक लावून. तांब्याला पळायला जागा लागते, खोल बसव. आणि एवढी जड कशाला? हलकी घे, वेगात जाते, वेगात गेली तरच उघडते.”

“तुला कोणी सांगितलं?”

“मी तीच मारतो ना. तुलाही दिली होती एक डबी, टेसाच्या लग्नाच्या वर्षी. तेव्हा मला म्हणालास, हे काय, बायकोचे कानातले का?” त्याने काडतूस परत डबीत टाकलं. “हलकी आहे माझ्याकडे. देतो. पण हरणाची एक मांडी माझी.”

लग्नाच्या वर्षी. म्हणजे पहिल्यांदा दिवस जाण्याच्याही आधी. नेव्हिल काहीतरी हसण्यासारखं करून गाडीत बसला आणि हेमीची डबी मांडीवर घेऊन घरी आला, आणि सबंध वाटेत त्याला ते वाक्य आपल्याच आवाजात ऐकू येत होतं, बायकोचे कानातले, आणि सगळे कसे हसले होते, आणि टेसाही हसली होती. शेडमधल्या फळीच्या मागच्या कोपऱ्यात ती डबी अजून असेल. त्याने पाहिलं नाही.

काम काहीच नव्हतं. खरंच काही नव्हतं. दारूचं माप पुस्तकात पाहून खालचं घेतलं, हलकी गोळी, आणि प्रेसमधला गोळी बसवायचा स्क्रू एक फेरा खाली. एक फेरा. हात फिरला आणि थांबला, आणि तो तिथेच स्क्रूवर बोटं ठेवून उभा राहिला, कारण एवढ्यासाठी, या एका फेऱ्यासाठी, आपण आठवडाभर नाही, वर्षानुवर्षं… नाही, असं म्हणू नये. तेव्हा माहीत नव्हतं. कोणाला माहीत होतं? हेमीला माहीत होतं. हेमीलाही शिशाचं माहीत नव्हतं, तो आपला खोल शिरते म्हणून वापरायचा. हो, पण माहीत नसताना त्याने वापरली, आणि मी माहीत नसतानाच हसलो. दोघांचं अज्ञान सारखंच, पण त्याची नातवंडं अंगणात पळतायत. हा विचार किती हलकट आहे हे त्याला कळलं आणि तरी तो गेला नाही.

दुपारी खाणीत पुन्हा तीन बार. चालत जाताना फळीपासून दहा पावलांवर असतानाच त्याला दिसलं. तीन भोकं एकमेकांना लागून, क्लोव्हरच्या तीनदळी पानासारखी. तरुण असता तर टोपी उडवली असती. त्याने भोकांवर अंगठा ठेवला, तिन्ही झाकली गेली. रायफलने नाही म्हणावं अशीच माझी इच्छा होती. सकाळपासून, आठवडाभर, हीच एक इच्छा. ती नाही म्हणाली असती तर दुसरा काही मार्गच नव्हता असं म्हणता आलं असतं, पूर्वीही नव्हता, आताही नाही. पण गोळी नीट बसवली तशी ती पहिल्या हाकेला हो म्हणाली.

संध्याकाळी चारच्या सुमाराला टेसा आली. उद्याच्या मटणासाठी मोठी बर्फाची पेटी घेऊन आली होती, ती गाडीतून त्याने उतरवली, तिला उचलू दिली नाही. ग्लेनिस घरात स्कोनचे छोटे पाव भाजत होती. टेसा घरात न जाता त्याच्या मागोमाग शेडमध्ये आली आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली, पाय थोडे लांब करून, जशा पाचव्या महिन्यात बायका बसतात. तिने बाकावरचं सगळं नजरेने पाहून घेतलं. हात कशाला लावला नाही.

“जमलं,” तो म्हणाला.

“मला माहीत होतं. अवघड गेलं?”

हो म्हणायचं. फार सोपं होतं. आठवडाभर झगडलो, शंभर बार काढले, तुझ्यासाठी — आणि ती म्हणाली असती, बिचारा बाबा. त्याने प्रेसच्या दांड्यावर हात ठेवला.

“नाही,” तो म्हणाला. “एक स्क्रू फिरवायचा होता. केव्हाही फिरवता आला असता. तुझ्या लग्नाच्या वर्षीही.”

हेमीच्या कुरणाकडून मेंढ्यांचा आवाज येत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण ती त्याच्याकडे बघत होती हे त्याला मानेला जाणवत होतं.

“बाबा, तुला एक सांगू? आईला सांगायचं का नाही ते तुझं तू बघ.”

“सांग.”

“दुसऱ्या वेळेनंतर मी डॉक्टरांना विचारलं होतं. मटणाचं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, सांगता येत नाही. असेल, नसेल. कोणीच सांगू शकणार नाही म्हणाले. फक्त यापुढे खाऊ नका.”

“दुसऱ्या वेळेनंतर…” तो म्हणाला. “त्याला दोन वर्षं झाली. तू तर दर महिन्याला पुडे नेत होतीस.”

“नेत होते. खात नव्हते.”

“मस्त झालं होतं म्हणायचीस.”

“मग काय म्हणणार होते? पाठीवर घालून आणायचास तू.” ती स्वतःच्या गुडघ्याकडे बघून बोलत होती. “रविवारी इथे मेंढीचं असायचं म्हणून निभावलं.”

“टाकून दिलंस?”

“नाही रे. हात झाला नाही. फ्रीजरच्या तळाशी आहे सगळं.”

त्याला खाली बसायचं होतं, पण दुसरं खोकं नव्हतं. दोन वर्षं. ज्या एका विचाराला तो आठवडाभर भीत होता तो दोन वर्षं त्याच्याच टेबलाशी, त्याच्यासमोर बसून बटाटे पुढे करत होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. सकाळी खाणीत मी नुसते शब्द जुळवले. ही पोर दोन वर्षं खोटं बोलत आली, आणि तेही माझ्यासाठी. तिने रागवावं असं त्याला फार वाटलं. आरडाओरडा करावा, ती कोपऱ्यातली डबी उचलून फेकावी. ती रागावली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं.

“मग आता कशाला?” त्याने विचारलं. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा रुक्ष निघाला. “न्यायचं आणि ठेवून द्यायचं, चाललं होतं ना. हे तांबं कशाला?”

“कारण मला खायचंय,” टेसा म्हणाली. “दुकानातलं खाऊन कंटाळले. महिना झाला, दुसरं काही सुचत नाही. तू आणलेलं खायचंय मला.” मग ती उठली, एक हात कमरेवर, आणि दारातून म्हणाली, “आई हाक मारतेय. लोणी वितळायच्या आत ये.”

तो गेला नाही लगेच. अजून काडतुसं भरायची होती, थोडीच, उद्यापुरती. पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, दारू मोजून, गोळी, दांडा खाली. तिला काय वाटतं हे आता माहीत झालं होतं, म्हणजे तिलाही माहीत नाही एवढं माहीत झालं होतं, आणि यात सुटल्यासारखं काही नव्हतं. तिने माफ केलं का, हे त्याने विचारलं नाही आणि ती म्हणालीही नाही. कदाचित माफ करण्यासारखं काही आहे की नाही हेच तिला कळलं नसेल, आणि तरी तिला भूक लागली होती. सकाळपासून तो मागे मागे जात होता, खिम्यापर्यंत, लहान चमच्यापर्यंत. आता मन तिकडे वळवून पाहिलं तरी वळेना. उद्याच डोळ्यांसमोर येत होतं — पहाटेचं धुकं, बीच वृक्षांचं रान, ओढ्याच्या वरची ती मोकळी जागा, आणि तिथे काहीच नसलं तर? वारा फिरला तर? इतकी वर्षं तो रिकाम्या हातांनीही आनंदाने परत आला होता, डोंगर पाहिला, पुरे झालं, असं म्हणणारा माणूस, आणि ज्याला हरीण हवंच असतं त्याच्याबरोबर शिकारीला जाऊ नये असं इतरांना सांगणारा. त्याचं बोट घाई करतं. फांदीमागचं अर्धं अंगही त्याला पुरेसं वाटतं.

उद्या मला हरीण हवंच होतं. त्याने दांडा वर केला, काडतूस काढून घेतलं, आणि पाहिलं तर हाताने पुढची गोळी वजन न करताच उचलली होती.